हे काय काढलं व बाई? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पुढे एका लहानशा गावात राहते. अमूर्त चित्रं काढते, बहुतेक मन बिघडण्याबद्दल आणि घराबद्दल. एसटीत, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या लाइनीत लोक तेच तेच विचारतात, आणि मी दर वेळी अर्धंच उत्तर देते कारण तेवढ्यात भाजी वाढणारा येतो किंवा स्टॉप येतो. म्हणून एकदा बसून लिहून काढलं.

हे नेमकं काय आहे?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आमच्या शेजारच्या काकू चित्र उलटं धरून पण पाहतात, इकडून तरी काही दिसते का म्हणून. नाही दिसत, आणि ते बरोबरच आहे. त्यात माणूस नाही, झाड नाही, बैलजोडी नाही. मातीचा थर आहे, रंग आहे, हात फिरवल्याच्या खुणा आहेत. सारवलेल्या अंगणात पाय ठेवला की बरं वाटते ना, तेव्हा कोणी विचारत नाही की हे सारवण कशाचं चित्र आहे. तसंच पाहा.

घराबद्दल आहे म्हणता, मग घर कुठे आहे त्यात?

हे जरा लांबून सांगावं लागेल. आमचं जुनं घर कवेलूचं, म्हणजे कौलांचं होतं, मातीच्या भिंती, दोन खोल्या, पुढे छपरी. घरकुल मंजूर झालं. त्याचे तेव्हा एक लाख वीस हजार हप्त्याहप्त्याने यायचे आणि आमच्याकडे दुसरी जागा नव्हती, म्हणजे आधी जुनं पाडायचं मग त्याच जागेवर नवीन बांधायचं. मी तेव्हा पुण्याची नोकरी सोडून घरी आलेली, दिवसभर बाजेवर पडून, झोप नाही भूक नाही, आणि माझ्या डोळ्यासमोर जेसीबीने ते घर चाळीस-पंचेचाळीस मिनिटात खाली आणलं. आजोबांनी बांधलं होतं. मला रडू पण आलं नाही, आणि तेव्हाच मला कळलं की माझं काहीतरी जास्तच बिघडलं आहे.

संध्याकाळी मी ढिगाऱ्यात गेले. देवळीच्या बाजूचा भिंतीचा एक तुकडा पडला होता, तळहाताएवढा, आणि तो जिथे तुटला तिथे थर दिसत होते. पांढरा, मग निळसर, परत पांढरा, पिवळी माती, शेण-मातीचा तपकिरी, परत चुना, मधेच एक पोपटी. एका बोटाच्या जाडीत आईच्या सगळ्या दिवाळ्या होत्या. आईला दाखवला तर ती म्हणे, "हा हिरवा तुह्या आत्याच्या लग्नातला, तवा तुह्या बापानं हौसेनं आणला होता रंग." तारीख तिला आठवली नाही पण थर बरोबर ओळखला.

तो तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे, आणि माझी सगळी चित्रं त्याच्यातूनच निघाली असं समजा. थरावर थर द्यायचे, मग काही ठिकाणी खरवडून खालचं दिसू द्यायचं. घराचा आकार काढला असता, त्रिकोणी छप्पर दोन खिडक्या, तर ते कोणाचंही घर झालं असतं.

तुम्हाला नेमकं काय झालं होतं?

डिप्रेशन, आणि सोबत अँक्झायटी. दोन ठिकाणचा अंगारा लावून झाला, एका ठिकाणी लिंबू उतरवून झालं, शेवटी मामा म्हणे आता बस झालं आणि यवतमाळला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्या मामाचे उपकार आहेत. गोळ्या वर्षभराच्या वर चालल्या. याच्यापेक्षा जास्त सांगत नाही, चित्रात आहे बाकीचं.

चित्र काढून डिप्रेशन बरं होते का?

नाही. हे मी जरा जोरात सांगते कारण लोक आपल्या पोरीला माझ्याकडे घेऊन येतात, म्हणतात हिला पण शिकवा, गोळ्या बंद करायच्या आहेत. नका करू. गोळ्यांचा फरक पडायलाच दोन-चार आठवडे लागतात आणि मनाने बंद केल्या तर परत बिघडू शकते, कमी करायच्या त्या डॉक्टरच करतो. कला-उपचार म्हणून वेगळी गोष्ट असते, ती त्याचं शिक्षण घेतलेला माणूस करतो, मी नाही. मी फक्त रंग आणि चहा देते.

दोन आठवड्याच्या वर रोजच्या रोज मन उदास राहत असेल, कशातच जीव लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर दवाखान्यात जा. सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग असतो, केसपेपर काढून बाकीच्या बिमारीसारखंच दाखवता येते. आणि जायला गाडी नसेल, घरी सांगायची सोय नसेल तर १४४१६ वर फोन करा, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण लागते आणि मराठीत बोलता येते. जीव नकोसा होऊन राहिला असेल तर हे पुढचं वाचत बसू नका, आधी तो फोन लावा किंवा घरातल्या कोणाला तरी उठवा.

मग चित्राचा फायदा काय?

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं कसं वाटते, तर मी म्हटलं बरं आहे. सवयच आहे ना ती. आपल्याकडे मनाचं सांगायला शब्द आहेत, नाहीत असं नाही, जीव घाबरते, डोकं जड वाटते, मन लागत नाही, पण ते शब्द आपण इतके वापरतो की ऐकणारा "चहा घे, बरं वाटन" म्हणून मोकळा होतो.

आणि एक शब्द आहे, करमत नाही. मला हा शब्द लय महत्त्वाचा वाटतो. पोरगी सासरी गेली की पहिले विचारतात, करमते का? घर म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी म्हणेन जिथे करमते ते. पण या बिमारीत काय होते की तुम्ही घरीच असता, तीच बाज, तीच माय, तेच ताटातलं बेसन-भाकर, आणि करमत नाही. जायचं कुठे मग? पुण्यात होते तेव्हा वाटायचं गावाला गेलं की ठीक होईल. गावाला आले तर तिथेही तेच. घरात राहून घराची आठवण येणं, हे कोणाला सांगितलं तर म्हणतील पोरगी पागल झाली. ते मला सांगता येत नव्हतं, काढता आलं. पहिलं चित्र म्हणजे एका हार्डबोर्डवर नुसता भुरकट रंग आणि मधोमध थोडी ओली जागा सोडलेली, बस. मी ते डॉक्टरांना नेऊन दाखवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही पंधरा-वीस मिनिटं बोललो.

अमूर्त चित्रं म्हणजे मुंबई-दिल्लीचं, पैसेवाल्यांचं फॅड ना?

वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. आपल्या नागपुरात. पुढे मुंबईला जेजे कला शाळेत शिकले, मग दिल्लीला राहिले, रोलर आणि पॅलेट नाइफने थर देऊन देऊन, पुसून पुसून चित्र करायचे, वर्षाला मोजकीच. त्यांना 'अमूर्त' हा शब्दच पटत नसे, ते नॉन-ऑब्जेक्टिव्ह म्हणायचे, म्हणजे कोणत्याच वस्तूचं नसलेलं. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमने त्यांचं मोठं प्रदर्शन लावलं. आमच्या गावात हे सांगितलं की लोक म्हणतात "हाव का? नागपूरचे?" आणि मग चित्र सरळ धरून पाहतात.

सय्यद हैदर रझा पण नागपूरच्या कला शाळेत शिकलेले. गाव मंडला जिल्ह्यातलं, तेव्हा तो भाग आणि नागपूर एकाच प्रांतात होतं. शाळेत लक्ष लागत नव्हतं तर मास्तरने भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि म्हणे याच्याकडे पाहत बस. पुढे १९५० मध्ये ते फ्रान्सला गेले, साठ वर्षं तिकडे काढली, आणि तो बिंदू त्यांच्या चित्रात परत आला तो गेलाच नाही. २०१६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं. घराबद्दल अमूर्तात काही सांगता येते का, असं कोणी विचारलं की मी रझांचं एवढंच सांगते.

बिमारी असली की कला चांगली होते म्हणतात, खरं आहे का?

हे सिनेमातलं आहे. मी पार आजारी होते तेव्हा ब्रश काय, मला केस विंचरता येत नव्हते. जपानच्या यायोई कुसामा १९७७ पासून टोकियोतल्या मनोरुग्णालयात राहतात, स्वतःच्या मर्जीने, आणि स्टुडिओ जवळच ठेवला. म्हणजे उपचार आणि काम दोन्ही सोबत, एकाच्या बदल्यात दुसरं नाही. आपल्याकडे मात्र "तुले नागपूरले पाठवा लागते" ही अजून शिवीच आहे, नागपूरला मनोरुग्णालय आहे म्हणून.

अग्नेस मार्टिन म्हणून अमेरिकेतल्या चित्रकार होत्या, १९१२ ते २००४. त्यांना स्किझोफ्रेनिया होता. न्यूयॉर्कमध्ये नाव झालं असताना सगळं सोडून न्यू मेक्सिकोच्या ओसाड पठारावर जाऊन राहिल्या आणि तिथे स्वतःच्या हाताने मातीच्या कच्च्या विटांचं घर बांधलं. सहा फूट बाय सहा फूट कॅनव्हासवर पेन्सिलच्या बारीक रेघा आणि एकदम फिके रंग. मी पहिल्यांदा फोटो पाहिला ते चित्राचा नाही, त्या घराचा पाहिला, आणि आईला दाखवला. आई म्हणे "भिंत चांगली चढवली बाईनं."

तुम्ही शेतकरी आत्महत्येवर का नाही काढत? यवतमाळच्या आहात ना.

शहरातून कोणी आलं की हा प्रश्न येतोच, आणि मला थोडा राग येतो, तो इथेच काढून घेते. त्यांना काय पाहिजे असते ते मला माहीत आहे, भेगा पडलेली जमीन आणि डोक्याला हात लावून बसलेला म्हातारा. ज्यांच्या घरी झालं आहे ते माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्या दुःखाचा पोस्टर मला नाही करायचा.

आणि ती भेगांची गोष्ट तर चुकीचीच आहे. आमची काळी माती, कपाशीची, तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. एप्रिल-मे महिन्यात आमच्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, चांगलं पिकलेल्या वर्षी पण पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पाऊस आला की सगळं फुगून वर-खाली होते, म्हणून म्हणतात काळी माती स्वतःच स्वतःची नांगरणी करते. माझ्या बाबांना भेगाळलेलं वावर पाहून कधी रडू आलं नाही. त्यांना रडू येते ते जुलैमध्ये, जमीन एकदम हिरवीगार असते आणि डोबलेलं बी उगवून वर आलेलं असते आणि पंधरा दिवस पाऊस गायब होतो तेव्हा. म्हणजे आमच्याकडे काळजीचा रंग हिरवा आहे. पोपटी हिरवा. माझ्या काळजीच्या चित्रांत म्हणून तोच आहे, आणि पाहणारे म्हणतात वा किती प्रसन्न.

रंगांचा काही ठरलेला अर्थ असतो का? निळा म्हणजे उदास वगैरे?

नसतो. गुलाबी घ्या. पुण्यात माझी मैत्रीण गुलाबी भिंत पाहून खूश व्हायची. आमच्याकडे २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली होती, बोंड वरून चांगलं टपोरं दिसायचं, फोडलं की आत सडलेली सरकी आणि ती गुलाबी अळी. वरून ठीक आणि आत कोणीतरी खात आहे, माझ्या बिमारीचं याच्याहून बरोबर वर्णन मला अजून सापडलं नाही. म्हणून माझ्या चित्रात गुलाबी जरासाच असतो, आणि आत असतो.

तुमचा निळा तुमच्या घरच्या निळीचा असेल, शाळेच्या शर्टाचा असेल. तो काय आहे ते आठवून घ्या.

मातीने चित्र कसं काढता? आमची माती तर वाळली की पडून जाते.

पडणारच, वर सांगितलं ना, आकसते. ढेकळं फोडून, पाण्यात कालवून, जाड कण खाली बसू द्यायचे आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं, ते सुकलं की पिठासारखी माती मिळते. साधारण चार चमचे मातीला एक चमचा फेविकॉल, पाणी अंदाजाने. एकदम पातळ थर, तो वाळला की दुसरा. कॅनव्हासवर नको कारण तो हलतो आणि माती सुटते, हार्डबोर्ड किंवा प्लायवूड घ्या. भेगा नको असतील तर त्यात वाळूची बारीक चाळ किंवा वाळलेल्या शेणाची पूड टाका, शेणातले गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात. हे मला कोणी शिकवलं नाही, म्हणजे आईने शिकवलं, सारवणात शेण त्याच्यासाठीच असते. आणि भेगा पाहिजे असतील तर थर जाड द्या आणि मे महिन्यात छपरीत ठेवून द्या, दुपारपर्यंत तडतड आवाज येते, मी बाजूला बसून ऐकते.

बाकीचे रंग घरचेच. गेरू उडत नाही, वर्षानुवर्षं तसाच राहतो. काजळी चांगली. फुटलेल्या कवेलूची पूड मी वस्त्रगाळ करून ठेवली आहे दोन डबे, ती आमच्याच घराची आहे, संपली की संपली. हळद उन्हात उडून जाते, पण तिच्यावर चुन्याची निवळी लावली की लाल होते, कुंकवासारखी, हे एकदा पोरांना करून दाखवा. चुना डोळ्यात जाऊ देऊ नका. पळसाच्या फुलांचा केशरी सुंदर येतो पण फिका पडते, फिका पडणारच आहे हे धरून वापरायचा.

एक सांगायचं राहिलं, फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या-डबे रंग कालवायला अजिबात घेऊ नका, कितीही धुतले तरी.

सामान कुठून आणता?

हार्डबोर्ड आणि फेविकॉल दारव्ह्याहून. कॅनव्हास कुरिअरने मागवावा लागते, आणि कॅनव्हास असते कापसाचा, म्हणजे कापूस आमचा आणि कापड परत आमच्याकडे कुरिअरने. मी आता मांजरपाट घेते आणि फेविकॉल पातळ करून त्यात खडूची पूड कालवून दोन हात मारते, काम चालते.

उन्हाळ्यात-पावसाळ्यात चित्रं टिकतात का?

मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की अॅक्रेलिक रंग ब्रशवरच वाळते, म्हणून सकाळी सहा ते नऊ. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून भिंतीपासून दूर, टांगून ठेवा.

वाळवीचं मात्र विचारू नका. दोन वर्षांपूर्वी एक चित्र मी नवीन घराच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि विसरले. शेण-मातीचं चित्र, पाठीला प्लाय, म्हणजे वाळवीला पंगतच वाढली. उचललं तर पाठ पोकळ झालेली आणि पुढून माझ्या मातीवर तिने तिच्या मातीचे बोगदे बांधलेले, वाकडेतिकडे, खालून वर. दोन दिवस हळहळले. मग मारलं औषध आणि फ्रेम करून टाकली. त्या चित्रात आता माझं घर आहे आणि तिचं पण आहे.

मला चित्रकला येत नाही, शाळेत ड्रॉइंगला कमी मार्क होते. जमेल का?

जमेल. डोळे बंद करून लहानपणीच्या घरात जा आणि काय दिसते ते नका पाहू, हाताला काय लागते ते आठवा. दाराची कडी कुठे होती, वर की खाली. जातं कोणत्या बाजूने फिरायचं. रात्री पाण्याला उठलं की अंधारात भिंतीला हात लावत कसे जात होते. आता तीच हालचाल ओल्या रंगात करा. घर नाही काढायचं, घरातला हात काढायचा. एक आजी आल्या होत्या, अंगठेबहाद्दर, त्यांनी अर्धा तास नुसतं जात्यासारखं गोल गोल केलं आणि मग म्हणे "माह्या मायचं घर आठोलं." माहेर सुटून पन्नास वर्षं झालेली.

घरच्यांनी पाहिलं तर? मनातलं सगळं उघडं पडेल.

अमूर्ताचा हाच तर फायदा आहे. आमच्याकडे रविवारी चित्र काढायला येणाऱ्या एकीने सासूवरचा सगळा राग एका बोर्डवर काढला, लाल, काळा, नखाने ओरबाडलेलं. घरी नेलं तर सासूलाच ते आवडलं आणि तिनेच टीव्हीच्या वर खिळा ठोकून लावलं, म्हणे रंग चांगले आहेत. सध्या तिथेच आहे. पाहुण्यांना कौतुकाने दाखवते सासू.

विकता का?

कोणी मागितलं तर विकते. कवेलूच्या पुडीचं नाही विकत.

नवीन घरात करमते का आता?

स्लॅबचं घर उन्हाळ्यात तापते, रात्री बारापर्यंत भिंती गरम. आई पहिलं वर्ष बाहेर अंगणातच बाज टाकून झोपायची. मला करमते, बहुतेक दिवस. काही दिवस नाही करमत, तेव्हा मी डॉक्टरांची तारीख पाहते.

आई काय म्हणते तुमच्या चित्रांना?

ती कला वगैरे काही म्हणत नाही, ती सारवण तपासल्यासारखं पाहते. फरशी बसल्यापासून तिला सारवायला काही उरलं नाही, म्हणून असेल. मागच्या दिवाळीच्या आधी मी एक मोठा बोर्ड करून राहिले होते, हाताने अर्धगोल फिरवत, एकावर एक चढवत, जसे सारवताना येतात. ती मागे उभी. म्हणे, "इथं हात थांबला तुहा. पाणी कमी घेतलं." मी म्हटलं राहू दे, तो थांबलेलाच पाहिजे मला. तिने ऐकलं नाही. पदर खोचला, बादलीत हात बुडवला आणि उजव्या कोपऱ्यात खाली सरासरा चार अर्धगोल मारून दिले, आणि हात धुवून चहा ठेवायला गेली. यवतमाळला ते चित्र लावलं होतं तेव्हा जो तो त्याच कोपऱ्यापुढे उभा राहत होता.